बंद खोलीतली हवा मोजताना : कार्बन डायऑक्साइड मीटर पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी

पुण्यात सदाशिव पेठेत आणि आजूबाजूला स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. एसी, वायफाय, लॉकर, प्रत्येकाला पार्टिशन घातलेलं टेबल. जाहिरातीत सगळं असतं, फक्त खिडकी उघडते का, हे नसतं. दुपारी तीनला आत डोकावलं तर बरीच मंडळी पुस्तकावर मान टाकून असतात आणि खापर फुटतं मेसच्या जेवणावर. जेवणाचा वाटा असेलही. पण कोंडलेल्या हवेचा वाटा किती, हे काही हजार रुपयांच्या यंत्राने मोजता येतं. ते नीट कसं मोजायचं, हे इथे सांगतो. उदाहरण अभ्यासिकेचं घेतलंय, पण क्लासरूम, ऑफिसची मीटिंग रूम, दवाखान्यातली बसायची जागा किंवा घरची झोपायची खोली, सगळीकडे रीत हीच.

आधी हा आकडा काय सांगतो ते बघू. आपण सोडतो त्या श्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे दहा लाख भागांत ४०,००० भाग, ४०,००० पीपीएम. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो सध्या ४२०-४३० पीपीएमच्या आसपास आहे. त्यामुळे माणसं बसलेल्या खोलीत जो जादा कार्बन डायऑक्साइड सापडतो तो जवळजवळ सगळा कुणाच्या तरी छातीतून आलेला असतो. बाहेरची हवा भरपूर येत असेल तर तो पातळ होतो, येत नसेल तर साचतो. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच हे ओळखून राहत्या खोलीसाठी ०.१ टक्के, म्हणजे १००० पीपीएम, ही मर्यादा सुचवली होती. हा वायू स्वतः त्या पातळीला अपायकारक आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. माणसांच्या अंगातून आणि श्वासातून जे काही हवेत येतं, त्याची ती खूण होती.

हे पक्कं लक्षात ठेवा, कारण नवखा माणूस इथेच गडबडतो. मीटरवर १५०० दिसलं की घाबरतो आणि ७०० दिसलं की निश्चिंत होतो. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी ५००० पीपीएमची मर्यादा धरतात, म्हणजे १५०० ला काही विषबाधा होत नाही. १००० ते २५०० च्या दरम्यान माणसाची निर्णयक्षमता घसरते असं दाखवणारे प्रयोग झालेत, तसे काहीच फरक न दिसलेलेही झालेत. त्या वादात न पडताही मीटरचा उपयोग आहे. खोलीत माणशी बाहेरची हवा किती पोचते, हे तो सांगतो. सर्दी, फ्लू, कोविड, क्षयरोग हे सगळे हवेतून पसरतात, आणि क्षयाचं ओझं आपल्या देशावर किती आहे हे वेगळं सांगायला नको.

पहिली पायरी : खरं यंत्र घ्या

ऑनलाइन बाजारात दीड-दोन हजारांत रंगीत पडद्याची यंत्रं मिळतात. त्यांत सीओटू, टीव्हीओसी, फॉर्मल्डिहाइड, एक्यूआय असं सगळं एकदम दिसतं. त्यातली बरीच कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. आत एक तापवलेला धातू-ऑक्साइडचा स्वस्त सेन्सर असतो. तो वासाचे वायू पकडतो आणि त्यावरून सीओटूचा आकडा ‘अंदाजे’ ठोकून देतो. फोडणी घातली, फरशी फिनाइलने पुसली किंवा कुणी डिओ मारला, की आकडा २००० च्या वर. हा खेळ आहे, मोजमाप नाही.

खऱ्या यंत्राच्या माहितीत ‘एनडीआयआर’ किंवा ‘फोटोअकूस्टिक’ हा शब्द असतो. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषतो. एनडीआयआरमध्ये दिवा आणि डिटेक्टर यांच्यामध्ये हवा असते. जितका प्रकाश कमी पोचला तितका वायू जास्त. फोटोअकूस्टिकची करामत मला जास्त आवडते. अवरक्त दिवा लुकलुकतो, वायू तापून फुगतो आणि निवतो, आणि त्या फुगण्याचा आवाज आतला बारीकसा माइक ऐकतो. अरानेट४ हे लॅटव्हियात बनणारं मीटर एनडीआयआर जातीचं आहे. ज्यांना सोल्डरिंग जमतं ते सेन्सिरियन कंपनीचा एससीडी४० किंवा एससीडी४१ सेन्सर घेऊन ईएसपी३२ बोर्डावर घरीच मीटर बनवतात, तो फोटोअकूस्टिक. चांगल्या सेन्सरचीही चूक साधारण ५० पीपीएम अधिक दाखवलेल्या आकड्याच्या ५ टक्के इतकी धरून चाला. म्हणजे १००० दिसलं की ९०० ते ११०० यांतलं काहीही. १०२३ आणि १०४१ यांवर वाद घालू नका.

घरी आणल्यावर लबाडी पकडायची सोपी परीक्षा : अल्कोहोलच्या सॅनिटायझरचे चार थेंब बोळ्यावर घ्या, तो मीटरजवळ ठेवा आणि स्वतः लांब उभे राहा. आकडा झपकन चढला तर तो सेन्सर अल्कोहोल हुंगतोय. खरं यंत्र ढिम्म राहतं. उलट, हातभर अंतरावरून हळूच श्वास सोडला तर खऱ्या यंत्रानेही काही मिनिटांत उडी घेतली पाहिजे आणि नंतर खाली यायला पाहिजे. फुंकर थेट भोकांत मारू नका, आत दमटपणा साचतो.

दुसरी पायरी : आधी बाहेर

मीटर चालू करून पहिल्यांदा गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात न्या. रहदारीचा रस्ता नको, झाडीची दाट जाळीही नको. सावलीत ठेवा, चार पावलं मागे व्हा आणि २० मिनिटं त्याच्याजवळ जाऊ नका. ४०० ते ४६० च्या दरम्यान स्थिरावला तर ठीक. शहरात पहाटे, वारा पडलेला असताना, थोडं जास्तही दिसतं. हा आकडा वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक हिशेबात तो वजा करायचा आहे.

समुद्रसपाटीपासून उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे आकडा मुळातच कमी येतो. मुंबईत फरक नाही, पुण्यात काही टक्के पडतो, महाबळेश्वर-पाचगणीला १५ टक्के किंवा त्याहून जास्त. तिथे बाहेर ३५० च्या आसपास दिसलं तर यंत्र बिघडलं असं समजू नका. काही मीटरांत उंची भरायची सोय असते. नसेल तर तिथेच बाहेरच्या हवेत कॅलिब्रेट करून, म्हणजे मीटर बाहेरच्या हवेच्या माहीत असलेल्या आकड्याशी जुळवून, घ्यावं.

आता कॅलिब्रेशनचा एक सापळा, आणि अभ्यासिकांच्या बाबतीत तो नेमका आडवा येतो. बहुतेक मीटरांत आपोआप कॅलिब्रेट होण्याची सोय असते. मीटर आठवडाभर किमान आकडा बघत राहतो आणि ‘सर्वात कमी दिसला तो म्हणजे बाहेरची हवा’ असं धरून त्याला ४०० च्या आसपास आणून ठेवतो. रात्री कुलूप लागणाऱ्या ऑफिसात हे चालतं. पण चोवीस तास चालणाऱ्या अभ्यासिकेत पहाटे चारलाही पंधरा मुलं असतात. तिथली हवा ७०० च्या खाली कधी उतरतच नाही. मीटर त्या ७०० ला ४०० म्हणू लागतो आणि मग दिवसभराचे सगळे आकडे ३०० ने कमी दिसतात. मालक खूश, मीटरवाला खूश, मुलं पेंगतायत. म्हणून अशा जागी, आणि दारं-खिडक्या कायम बंद असलेल्या एसी बेडरूममध्येही, अॅपमधून ऑटो कॅलिब्रेशन बंद करा आणि दर एक-दोन महिन्यांनी गच्चीवर नेऊन हाताने करा. बंद करायची सोय नसेल तर आठवड्यातून एकदा तासभर मीटरला बाहेरची हवा खाऊ घाला.

तिसरी पायरी : ठेवायचा कुठे

बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, म्हणजे टेबलाच्या थोडं वर. कुणाच्याही नाकापासून किमान दीड मीटर लांब. पार्टिशनच्या आत ठेवला तर तो त्या एका मुलाचा श्वास मोजतो, खोलीचा नाही. खिडकी, दार, एसीचा झोत, ऊन आणि लॅपटॉपची गरम हवा यांपासूनही दूर. कपाटाच्या वर किंवा बॅगेच्या कप्प्यात ठेवून काहीही कळत नाही. छताचा पंखा चालू असेल तर उत्तम, हवा ढवळून निघते आणि एका जागेचा आकडा सगळ्या खोलीचा धरता येतो. पंखा नसेल तर दोन-तीन जागी मोजून बघा. लांबट हॉलमध्ये दाराजवळ ११०० आणि मागच्या कोपऱ्यात १९०० असं सर्रास असतं.

नव्या जागी नेल्यावर दहा मिनिटं आकड्याकडे बघूच नका. आणि मीटरवर वाकून सारखं बघणाऱ्याला स्वतःचाच श्वास मोजायला मिळतो.

चौथी पायरी : नोंद

नुसता आकडा निरुपयोगी असतो. त्याच्या शेजारी माणसं किती आणि काय उघडं होतं, हे हवंच. चांगले मीटर ब्लूटूथने फोनवर आलेख देतात, तरीही हाताने वही ठेवा. एका साधारण दिवसाची नोंद अशी दिसेल (आकडे नमुन्याचे आहेत) :

सकाळी ७.१० : ५४०. सहा जण. खिडक्या उघड्या, झाडलोट चालू.
९.०० : ११८०. तीस जण. खिडक्या बंद, एसी चालू.
११.३० : २३९०. पन्नास जण.
१२.३० : २४३०. पन्नास जण.
१.४० : १५६०. वीस जण, बाकीचे जेवायला. दार दगड लावून उघडं ठेवलेलं.
३.०० : २२५०. अठ्ठेचाळीस जण.

ही नोंद वाचताना सकाळच्या ५४० वर कुणी भाळू नये. सहा माणसांत कुठलीही खोली गुणी दिसते. पाहणी असली की लोक नेमके या वेळेला मोजतात. कामाची ओळ ११.३० ते १२.३० ची आहे. माणसं तेवढीच, आकडाही जवळपास तोच. म्हणजे जितका वायू तयार होतोय तितका बाहेर जातोय, आकडा थाऱ्यावर आलाय. चढत्या आकड्यावर पुढचा हिशेब करू नका, तो खोलीला उगाच चांगली ठरवतो.

पाचवी पायरी : दोन सोपी गणितं

पहिलं गणित भरल्या खोलीचं. बसून काम करणारं मोठं माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. त्यावरून निघणारा नियम असा : आतला आकडा वजा बाहेरचा आकडा, जो फरक येईल त्याने ५००० ला भागा. उत्तर म्हणजे माणशी दर सेकंदाला किती लिटर बाहेरची हवा येते. वरच्या नोंदीत २४३० वजा ४३०, म्हणजे २००० चा फरक. ५००० भागिले २००० म्हणजे अडीच लिटर. हे फारच कमी आहे. ८ ते १० लिटर मिळाले तर समाधान मानावं, म्हणजे फरक ५००-६०० च्या आसपास राहायला हवा. शाळेतली लहान मुलं कमी वायू सोडतात, त्यामुळे त्यांच्या वर्गात तोच आकडा दिसला तर परिस्थिती त्याहून वाईट समजावी. झोपलेली माणसंही कमी सोडतात, तासाला १३ लिटरच्या आसपास.

त्याच फरकाला सोडलेल्या श्वासातल्या ४०,००० ने भागलं तर आणखी एक गोष्ट कळते. २००० भागिले ४०,००० म्हणजे ५ टक्के. त्या हॉलमध्ये प्रत्येक विसावा श्वास उष्टा आहे. ताटातलं उष्टं चालत नाही अशा घरातली मुलंही हे दिवसभर घेत असतात. मालकाशी बोलताना पीपीएमपेक्षा हे वाक्य लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरं गणित रिकाम्या खोलीचं. सगळे बाहेर गेले की आकडा उतरू लागतो. बाहेरच्यापेक्षा जो जादा भाग आहे तो निम्मा व्हायला किती मिनिटं लागली ते बघा, आणि त्या मिनिटांनी ४२ ला भागा. उत्तर म्हणजे तासाला खोलीची हवा किती वेळा बदलते. समजा बेडरूममध्ये सकाळी २०३० आहे, बाहेर ४३०. फरक १६००. तुम्ही उठून दार ओढून घेतलंत, खिडक्या बंदच ठेवल्यात आणि ७० मिनिटांनी फोनवर १२३० दिसलं, म्हणजे फरक ८०० वर आला. ४२ भागिले ७०, तासाला ०.६ वेळा. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी ठेवून तेच १२ मिनिटांत झालं, तर ३.५ वेळा. यात अट एकच : त्या वेळात खोलीत कुणीही नको, तुम्हीही नको. आकडा बघायला आत डोकावणारे या मोजणीची वाट लावतात.

बेडरूमचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. दहा बाय बाराची खोली, उंची साडेनऊ फूट, दोन माणसं, स्प्लिट एसी, सगळं घट्ट बंद. अशा खोलीत पहिल्या तासात आकडा सुमारे ८०० ने चढू शकतो आणि पहाटेपर्यंत २५००-३००० होणं मुळीच नवलाचं नाही. स्प्लिट एसीचा एक भाग बाहेर टांगलेला असतो म्हणून तो बाहेरची हवा आत आणतो, असं निम्म्या लोकांना वाटतं. तो आणत नाही. दोन्ही भागांमध्ये फक्त गॅसच्या नळ्या असतात. तो खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. विंडो एसीला व्हेंटची एक छोटी खिट्टी असते. ती कुणी कधी हलवलेली मला तरी दिसली नाही.

सहावी पायरी : कुठे फसाल

स्वयंपाकघरातला आकडा माणसांचा धरू नका. एक किलो एलपीजी जळाला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मोठा बर्नर चालू असला तर डझनभर माणसं बसल्यासारखं होतं. देवघरातली समई, आरतीचा कापूर, धूप यांचंही तेच, फक्त कमी प्रमाणात.

एअर प्युरिफायर धूळ आणि जंतू गाळतो, कार्बन डायऑक्साइड गाळत नाही. त्यामुळे प्युरिफायर असलेल्या खोलीत आकडा जास्त असला तरी संसर्गाचा धोका तितकाच जास्त असेल असं नाही. याच्या उलट, बाहेर हवा धुरकट असते त्या हिवाळ्याच्या सकाळी मुंबईत खिडकी उघडली की सीओटू उतरतो आणि धुळीचा पीएम२.५ चढतो. अशा दिवशी खिडकी बोटभर उघडी आणि प्युरिफायर चालू, असा मधला मार्ग काढावा. कुंडीतल्या झाडांनी काही फरक पडत नाही. छताचा पंखा हवा फक्त फिरवतो, बदलत नाही.

आणि हे तर ठळक अक्षरात लिहावं असं : हा मीटर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने जीव जातात ते त्या वायूमुळे. त्याला वेगळा अलार्म लागतो. मीटरवर सीओटूचा आकडा कमी आहे म्हणून गीझरच्या बाबतीत निर्धास्त राहू नका.

गाडीतही एकदा मीटर न्या. चार माणसं, काचा बंद, एसीचं रिसर्क्युलेशनचं बटण दाबलेलं, आणि पुणे-मुंबई एक्सप्रेसवे. दहा-पंधरा मिनिटांत आकडा २००० च्या पुढे जातो. बटण काढलं की उतरतो. हा प्रयोग दोन मिनिटांत समजतो, म्हणून घरच्या मंडळींना पटवायला इथूनच सुरुवात करावी.

सातवी पायरी : मोजलं, आता पुढे

आधी फुकटचे उपाय. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या-थोड्या उघडणं हे एक खिडकी सताड उघडण्यापेक्षा बरं. दाराच्या वरचा झरोका कुणी पुठ्ठा लावून बंद केला असेल तर तो काढा. डासांची जाळी धुळीने बुजली असेल तर धुवा, निम्मी हवा तिथेच अडते. दर दीड तासाने दहा मिनिटं सगळं उघडण्याचा नियमही चालतो, पण तो पाळणारा माणूस लागतो, आणि परीक्षेच्या तोंडावर कुणी पाळत नाही.

मालक खर्चाला तयार असेल तर एक्झॉस्ट फॅनचा हिशेब त्याला आयता द्या. पन्नास माणसं, माणशी ८ लिटर, म्हणजे सेकंदाला ४०० लिटर. ३.६ ने गुणलं की तासाला १४४० घनमीटर. फॅनच्या डब्यावर हा आकडा छापलेला असतो. त्याहून थोडा मोठा घ्यावा, कारण डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. एसीचं बिल थोडं वाढेल, हेही आधीच सांगून टाका, नाहीतर पहिल्या बिलानंतर फॅनचा स्विच बंद होतो.

बसवल्यावर त्याच वारी, त्याच वेळेला, तितक्याच माणसांत पुन्हा मोजा. आकडा ११०० च्या आत-बाहेर यायला हवा. नाही आला तर अगरबत्ती पेटवून दाराशी, खिडकीशी धरा आणि धूर कुठून कुठे जातो ते बघा. फॅनला बाहेरून हवा घ्यायला वाटच ठेवलेली नसते, आणि तो शेजारच्या जिन्यातली नाहीतर संडासातली हवा ओढत बसलेला असतो, असं पुष्कळदा निघतं. मग समोरच्या भिंतीत, फॅनपासून जितकी लांब जमेल तितकी, आत येणारी जाळी पाडून घ्यायची आणि वही पुन्हा उघडायची.